ओळखपत्र खिशात, नाव यादीत नाही: मतदार यादी चालते कशी?

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर एक चित्र हमखास दिसतं. हातात ओळखपत्र आहे, मागच्या निवडणुकीत मत दिलेलं आहे, आणि यादीत नाव सापडत नाही. या टेबलावरून त्या टेबलावर, या शाळेतून त्या शाळेत फिरून माणूस शेवटी मत न देताच घरी जातो. त्याचा संताप खरा असतो. पण त्या दिवशी त्याच्या हातात काही उरलेलं नसतं आणि समोर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हातातही नसतं. जे करायचं ते काही आठवडे आधी करायला हवं होतं.

एरवी कुणी न उघडणारी ही यादी हल्ली रोज बातम्यांत आहे. 2025 मध्ये बिहारमध्ये यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. बातम्यांत ज्याला 'एसआयआर' म्हणतात ते हेच. त्याआधी यादीत सुमारे 7 कोटी 89 लाख नावं होती. 1 ऑगस्टला निघालेल्या प्रारूप यादीत ती 7 कोटी 24 लाखांवर आली, म्हणजे सुमारे 65 लाख नावं गळाली. 14 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ही गळालेली नावं कारणांसह जाहीर करायला सांगितलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर दुबार नावांवरून वाद पेटला. दोन्हीकडे बाजू कोणाची बरोबर, हा वेगळा प्रश्न. पण यादी कशी बनते, नाव कसं चढतं आणि कसं उतरतं हे कळल्याशिवाय त्या वादातलं अर्धंअधिक डोक्यावरून जातं, आणि आपलं स्वतःचं नाव मात्र राहून जातं.

## ओळखपत्र आणि यादी: आधी हा फरक

रेल्वेच्या आरक्षित डब्यात तिकीट तपासनीस दोन गोष्टी बघतो. त्याच्याकडच्या चार्टमध्ये तुमचं नाव आहे का, आणि ते नाव तुमचंच आहे का. पहिलं चार्टवरून कळतं, दुसरं तुमच्या ओळखपत्रावरून. चार्टमध्ये नाव नसेल तर ओळखपत्र कितीही अस्सल असलं तरी जागा मिळत नाही.

मतदार यादी हा चार्ट आहे. मतदार ओळखपत्र फक्त 'हा तोच माणूस' एवढं सांगतं. म्हणून यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक यांसारख्या आयोगाने ठरवून दिलेल्या 12 पर्यायी कागदपत्रांपैकी कोणतंही एक दाखवून मत देता येतं. उलट मात्र होत नाही. कार्ड आहे आणि नाव नाही, तर मत नाही. प्रतिज्ञापत्र, आमदारांचं पत्र, रहिवासी दाखला, कशानेही त्या दिवशी नाव चढत नाही. घरी येणाऱ्या मतदार चिठ्ठीवर केंद्र आणि अनुक्रमांक असतो, पण 2019 पासून ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

आता चार्ट कोण बनवतं ते पाहू. लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींसाठी एकच यादी असते. ती विधानसभा मतदारसंघानुसार बनते आणि भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली असते. प्रत्येक मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो. आपल्याकडे साधारणपणे प्रांताधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी. त्याच्या हाताखाली तहसीलदारासारखे सहायक, आणि सगळ्यात खाली मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ. हे बहुतेकदा शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा पालिकेचे कर्मचारी असतात आणि आपलं मूळ काम सांभाळून हे करतात. घरोघरी जाऊन कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं हे टिपणारा माणूस तोच. त्याचं नाव आणि नंबर यादीच्या संकेतस्थळावर मिळतो. 1950 या हेल्पलाइनवरही विचारता येतो.

## यादी वाचायची कशी?

मतदारसंघाची यादी 'भागां'त विभागलेली असते. एक भाग म्हणजे ढोबळमानाने एका मतदान केंद्राचा परिसर. भागाच्या आत गल्ली, वाडी, इमारत असे पोटविभाग आणि मग अनुक्रमांक. तुमचा खरा पत्ता तीन आकड्यांचा आहे: विधानसभा क्रमांक, भाग क्रमांक, अनुक्रमांक. हे तिन्ही बदलू शकतात. केंद्रांची फेररचना झाली की भाग बदलतो, आणि मागच्या वेळच्या शाळेत नाव मिळत नाही. ओळखपत्रावरचा तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा क्रमांक मात्र तुमच्याबरोबर राहतो. म्हणून ऑनलाइन शोधताना नावाने शोधू नका, त्या क्रमांकाने शोधा. नावाने शोधताना मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत झालेल्या उलथापालथीमुळे 'क्षीरसागर' कुठे 'शिरसागर' होऊन बसलेला असेल ते सांगता येत नाही. असलेलं नाव 'नाही' म्हणून दिसतं, माणूस घाबरून नवा अर्ज भरतो, आणि त्यातून एक दुबार नाव जन्माला येतं.

यादीची पीडीएफ उघडली की बहुतेक लोक मधली पानं चाळून बंद करतात. शेवटची पानं आधी उघडावीत. तिथे पुरवणी असते: नव्याने वाढलेली, वगळलेली आणि दुरुस्त केलेली नावं. वगळलेल्या नावापुढे कारणाचं इंग्रजी अक्षर असतं. 'ई' म्हणजे मयत, 'एस' म्हणजे स्थलांतरित, 'आर' म्हणजे दुबार, 'क्यू' म्हणजे अपात्र. शेजारच्या धडधाकट आजोबांपुढे 'ई' दिसला तर काय झालंय ते लगेच कळतं, आणि ते दुरुस्त करण्याची वेळही तीच असते.

## नमुना 6, 7, 8: कोणता कशासाठी

सगळा व्यवहार मुख्यतः तीन अर्जांवर चालतो.

नमुना 6 पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यासाठी. वय 18 पूर्ण झालेलं हवं, पण कोणत्या दिवशी? त्यासाठी वर्षात चार अर्हता दिनांक आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. ज्याला 10 फेब्रुवारीला अठरा पूर्ण होतात तो 1 एप्रिलच्या हिशेबात बसतो. 2022 पर्यंत फक्त 1 जानेवारी ही एकच तारीख होती. 2 जानेवारीला जन्मलेल्या मुलीला जवळपास वर्षभर थांबावं लागायचं. आता सतरा पूर्ण झाल्यावरही आगाऊ अर्ज देता येतो आणि पात्र तिमाही आली की नाव चढतं. अर्जासोबत जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँक पासबुक, आधार, नोंदणीकृत भाडेकरार असं काहीही चालतं. बिल आईवडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलं तरी अडत नाही. यातलं काहीच नसेल तरी अर्ज फेटाळायचा नसतो; मग बीएलओने प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची असते. बेघर माणसाच्या बाबतीत तर तो जिथे झोपतो तिथे रात्री जाऊन बघायचं, अशी सूचना आहे. पुलाखाली राहणाऱ्यालाही मत आहे, आणि त्याच्याकडे कागद मागून त्याला परत पाठवणं चूक आहे. हे आपल्यापैकी कुणीतरी त्याच्यासोबत जाऊन सांगायला हवं.

नमुना 8 चार कामांचा: घर बदललं, नोंदीत चूक आहे, कार्ड बदलून हवं आहे, किंवा दिव्यांग म्हणून नोंद हवी आहे. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. 1 ऑगस्ट 2022 आधी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलं की नमुना 6 भरावा लागायचा. आता स्थलांतर कुठलंही असो, त्याच मतदारसंघात किंवा बाहेर, नमुना 8 भरायचा. पण जुनी सवय, शिवाय एजंटांकडे पडलेले जुने अर्ज, यामुळे लोक अजून नमुना 6 भरतात. जुन्या जागी नाव तसंच राहतं, नव्या जागी दुसरं चढतं. लग्नानंतर सासरी आलेल्या मुलींच्या बाबतीत हे सर्रास होतं: माहेरी वडिलांच्या नावासह एक नोंद, सासरी नवऱ्याच्या नावासह दुसरी. नमुना 6 वर 'माझं नाव इतर कोणत्याही मतदारसंघात नाही' अशी घोषणा असते. खोटी घोषणा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बहुतेकांच्या मनात खोटेपणा नसतो, त्यांनी फक्त चुकीचा कागद भरलेला असतो.

नमुना 7 नाव वगळण्यासाठी. त्याला पुढे स्वतंत्र जागा देऊ.

## 'गावाला घर आहे, नाव तिथेच ठेवलं तर काय बिघडलं?'

मुंबई-पुण्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा प्रश्न प्रामाणिक असतो. गावाशी नातं असतं, शेत असतं, भावकी असते. पण कायद्याची कसोटी नात्याची नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तुम्ही जिथले 'सर्वसाधारण रहिवासी' असाल, म्हणजे रोजचं आयुष्य जिथे जगता, तिथेच तुमचं नाव असायला हवं. त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं तर कुठल्याच परिस्थितीत चालत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब पाच-सहा महिने बाहेर असलं तरी ते आपल्या गावचंच रहिवासी आहे. इथे एक दुर्दैवी योग जुळून येतो. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि यादीची वार्षिक तपासणीही साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात असते. बीएलओ दारात येतो, दाराला कुलूप. शेजारी सांगतात, 'ते गेले.' कागदावर त्याचं 'स्थलांतरित' होतं. जाण्याआधी बीएलओला लेखी कळवून ठेवणं, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना 'ते कारखान्यावर गेलेत, परत येणार आहेत' असं नेमकं वाक्य सांगून ठेवणं, एवढ्याने पुष्कळ नावं वाचतात.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला निवड आहे: घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या, पण एकाच ठिकाणी. भाडेकरूला घरमालकाची परवानगी लागत नाही. 'नाव लावू नका, पुढे घरावर हक्क सांगाल' असं घरमालक म्हणतात, पण मतदार यादीतल्या नावाने घराचा हक्क निर्माण होत नाही.

## नाव परस्पर कसं उडतं?

नमुना 7 तीन प्रकारे येतो. स्वतःचं नाव काढायला, घरातल्या मयत व्यक्तीचं नाव काढायला, किंवा दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायला. हा तिसरा प्रकार राजकीय भांडणाचा विषय होतो. त्यासाठी हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो, आणि कारण सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. गठ्ठ्याने आलेले अर्ज तसेच मान्य करायचे नसतात. एकाच माणसाने पाचपेक्षा जास्त हरकती घेतल्या तर वरच्या अधिकाऱ्याने स्वतः पडताळणी करायची असते. आलेल्या अर्जांच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात आणि हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात.

मुख्य संरक्षण मात्र नोटिशीचं आहे. 'इथे राहत नाही' किंवा 'पात्र नाही' या कारणाने नाव काढायचं असेल तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हे कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे. मग तरी नावं कळल्याशिवाय का जातात? कारण नोटीस यादीतल्या पत्त्यावर जाते. इमारत पुनर्विकासाला गेली, चाळ पाडली, रस्ता रुंदीकरणात घर गेलं, तर पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत येते, आणि तेच नाव काढण्याचं कारण ठरतं. ओळखपत्राला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर अर्जांचे संदेश तरी येतात. तेवढं आजच करून घ्यावं.

नाव काढल्याचा निर्णय मान्य नसेल तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील आणि त्यांच्या आदेशानंतर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे दुसरं. मुदत निघून गेली असेल आणि तुम्ही तिथेच राहत असाल, तर नव्याने नमुना 6 भरणं जलद पडतं.

## महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत: यादी तीच, पण वाटून

स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन तो ती प्रभागांत वाटतो. पुन्हा रेल्वेचंच उदाहरण घ्यायचं तर प्रवाशांचा चार्ट तोच, फक्त डब्याडब्यांप्रमाणे कापलेला. 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ला अस्तित्वात असलेली विधानसभा यादी घेतली होती. ज्यांचं नाव त्यानंतर चढलं त्यांचं विधानसभा यादीत नाव होतं, पण प्रभागाच्या यादीत नव्हतं. 'ऑनलाइन दिसतंय, इथे नाही' या तक्रारीचं हे एक मोठं कारण.

म्हणूनच प्रभागाच्या प्रारूप यादीवर घेता येणाऱ्या हरकती मर्यादित असतात: नाव चुकीच्या प्रभागात पडलंय, लिहिण्यात चूक झालीय, किंवा विधानसभा यादीत असलेलं नाव इथे गळलंय. नवं नाव घालणं किंवा जुनं काढणं या टप्प्यावर होत नाही, तिथे अर्ज नाकारला गेला म्हणून अधिकाऱ्यावर चिडून उपयोग नाही. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधून जाते, आणि एका बाजूच्या इमारती पलीकडच्या प्रभागात पडतात. ही चूक फार होते आणि ती त्या भागात राहणाराच सहज पकडू शकतो. 2025 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारका छापायचं ठरवलं. तारका असणं म्हणजे नाव रद्द होणं नव्हे. त्या मतदाराने आपण कुठे मतदान करणार ते सांगायचं असतं.

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचा हिशेब पूर्ण वेगळा आहे. महाराष्ट्रात दोन्ही मिळून 14 जागा आहेत. तिथे नेहमीच्या यादीतलं नाव कामाचं नाही, आणि मागच्या वेळी नोंदवलेलंही पुढे चालत नाही, कारण ही यादी प्रत्येक वेळी नव्याने बनते. पदवीधरांसाठी नमुना 18, शिक्षकांसाठी 19, अर्हता दिनांक 1 नोव्हेंबर. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात. बहुसंख्य पदवीधर इथे मत देत नाहीत, कारण त्यांना हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

## 'माझ्या एका नावाने काय फरक पडणार?'

2017 च्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. त्या प्रभागात त्या दिवशी 'नाव सापडलं नाही' म्हणून परत गेलेला एकच माणूस केंद्रापर्यंत पोहोचला असता तर चिठ्ठीची गरज पडली नसती. निवडणूक जितकी खालच्या पातळीची तितका फरक कमी मतांचा असतो. ग्रामपंचायतीच्या प्रभागात एका घरातली चार-पाच नावं निकाल फिरवू शकतात.

गावात तर या नावाचं मोल मतदानाच्या दिवसावर संपत नाही. राज्यघटनेप्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नोंदलेल्या सगळ्या व्यक्ती. यादीत नाव आहे म्हणून तुम्ही तिचे सभासद आहात, कुणी निवडून द्यावं लागत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांआधी महिलांची स्वतंत्र सभा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. अडचण इथे आहे. पहिल्या सभेला लोक आले नाहीत की दुसऱ्या सभेत मूठभर माणसं त्याच विषयांवर ठराव करू शकतात. घरकुलाचे लाभार्थी, पाणीयोजनेची जागा, वित्त आयोगाच्या पैशातून घ्यायची कामं अशा तऱ्हेने ठरून जातात, आणि नंतर 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणायची वेळ येते. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. आपला विषय लेखी देऊन पोच घ्यावी, आणि सभा संपल्यावर ठराव जसा झाला तसाच नोंदवहीत लिहिलाय का ते तिथेच वाचून घ्यावं.

शहरात ग्रामसभेच्या तोडीचं व्यासपीठ नाही, ही खरी उणीव आहे. पुणे महानगरपालिकेत 2006 पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. तिथे नागरिक आपल्या भागातली छोटी कामं अर्ज भरून सुचवू शकतात.

## चार्ट कधी बंद होतो?

उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर निवडणूक पार पडेपर्यंत यादीत कोणताही बदल करता येत नाही. त्याआधी सात दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात त्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज उपयोगाला येतात. लोकसभा-विधानसभेसाठी अर्ज भरायची मुदत अधिसूचनेपासून सातव्या दिवशी संपते. थोडक्यात, निवडणुकीची बातमी ऐकून जागं झालात तर हातात फार थोडे दिवस असतात. प्रचार सुरू झाल्यावर भरलेला अर्ज पुढच्या निवडणुकीसाठी असतो.

85 पेक्षा जास्त वयाच्या आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेत घरून मत देता येतं. त्यासाठीचा नमुना 12-ड अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत चुकल्याने कितीतरी म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवर उचलून केंद्रावर न्यावं लागतं. घरात असं कुणी असेल तर हा अर्ज आधीच काढून ठेवा.

## मतदानाच्या दिवशी अडवलं तर

'तुमचं मत झालंय' असं सांगितलं गेलं तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. तुमची ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. ती नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. निकालाला न्यायालयात आव्हान दिलं गेलं तर तिचा विचार होऊ शकतो, आणि तुमच्या नावावर दुसऱ्याने मत दिलं याची सरकारी नोंद राहते.

उमेदवाराच्या प्रतिनिधीने तुमच्या ओळखीवर हरकत घेतली तर त्याला दोन रुपये भरावे लागतात आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. तुम्ही खरे असाल तर तुमचं मत रोखता येत नाही. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशी शंका असलेल्या मतदारांची एक वेगळी यादीही केंद्रावर असते. तिच्यात नाव असलं तरी मत देता येतं, फक्त ओळखपत्र बारकाईने तपासतात आणि अंगठ्याचा ठसाही घेतात. कार्डावर आडनावाची वेलांटी चुकली आहे किंवा कार्ड जुन्या मतदारसंघाचं आहे, या कारणाने परत पाठवता येत नाही. माणूस तोच आहे हे पटलं आणि नाव त्या केंद्राच्या यादीत असलं की पुरे.

## एका भागाची यादी तपासायची तर

हे काम एकट्याने जड जातं, पाच जणांनी एका संध्याकाळी होतं. एका भागात साधारण हजाराच्या आसपास नावं असतात. वॉर्डातली, गल्लीतली किंवा सोसायटीतली जुनी माणसं दोन तरी हवीत, कारण कोण कधी राहायला आलं आणि कोण कुठे गेलं हे त्यांनाच ठाऊक असतं. प्रारूप यादी निघाली की गावात तिचं चावडी वाचन व्हायला हवं. होत नसेल तर ग्रामपंचायतीकडे तशी मागणी करता येते.

यादी छापून घ्यायची आणि मोठ्याने वाचायची. चार खुणा पुरतात: राहतो पण नाव नाही, नाव आहे पण वारला, नाव आहे पण कायमचा गेला, नोंदीत चूक. पहिल्या खुणेसाठी नमुना 6 किंवा 8. आधी कुठे नाव होतं का हे विचारल्याशिवाय 6 भरू नका. वारलेल्याच्या घरच्यांनी मृत्यूच्या दाखल्यासह 7 भरावा. कायमचं गेलेल्याला आधी फोन करावा आणि त्यालाच 8 भरायला सांगावं. त्याचं जुनं नाव आपोआप निघतं आणि नवं जागेवर बसतं. त्याच्या माघारी त्याच्यावर हरकत टाकणं कायद्यात बसत असलं तरी माहिती चुकली तर आपण एका माणसाचं मत घालवलेलं असतं. दार बंद दिसलं एवढ्या माहितीवर तर कधीच नाही.

अर्ज ऑनलाइन भरा किंवा बीएलओच्या हातात द्या, पोच किंवा संदर्भ क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. नंतर त्या क्रमांकाने अर्ज कुठवर आला ते दिसतं: दाखल झाला, बीएलओकडे गेला, तपासणी झाली, मंजूर किंवा नामंजूर. नामंजूर झाला तर कारण विचारा. बहुतेकदा फोटो अस्पष्ट, पत्त्याचा पुरावा वाचता न येणारा किंवा बीएलओ आला तेव्हा घरी कुणी नव्हतं, यातलंच एखादं निघतं. मंजूर झाल्याचा संदेश आला तरी पुढची यादी निघाल्यावर तोच भाग पुन्हा उघडा आणि शेवटच्या पानांवरची पुरवणी आधी वाचा.